वनस्पतीज म्हणजे निर्धोक नव्हे : अफूसदृश द्रव्ये, राज्यांचे कायदे आणि आपले कर्तव्य

काही महिन्यांपूर्वी आमच्या परिचयाचे एक औषधविक्रेते हिरवट चूर्णाचे एक पाकीट घेऊन चिकित्सालयात आले. त्यांचा भाचा अमेरिकेतून सुटीवर आला होता आणि पाकीट त्याच्या सामानातले होते. त्यावर 'क्रॅटम' हे नाव छापलेले होते व खाली 'शंभर टक्के वनस्पतीज' अशी ग्वाही होती. विक्रेत्यांनी विचारले, "वैद्यराज, हा आपल्या कळंबाच्या कुळातला आहे असे भाचा सांगतो. थकवा जातो, कंबरदुखी थांबते म्हणे. मग दुकानात ठेवायला हरकत काय?"

त्याच भाच्याला चार दिवस आधी आम्ही तपासले होते. जांभया, नाकातून पाणी, सर्वांगात वेदना, अतिसार, अंगावर काटा आणि रात्रभर झोप नाही अशी लक्षणे होती. प्रवासाचा शीण व हवापालट यांमुळे आलेला वातश्लैष्मिक ज्वर समजून आम्ही त्यानुसार औषध दिले. पाकीट पाहिल्यावर आमची चूक लक्षात आली. तो ज्वर नव्हताच. रोज घेतले जाणारे चूर्ण संपत आल्याने त्याने मात्रा एकदम कमी केली होती, आणि अफूचे व्यसन सुटताना जी लक्षणे दिसतात तीच त्याच्यात प्रकट झाली होती. 'आणखी कोणते औषध घेता?' हे आम्ही विचारले होते. त्यावर त्याने 'काही नाही' असे प्रामाणिकपणे सांगितले होते, कारण वनस्पतीचे चूर्ण हे त्याच्या लेखी औषधच नव्हते.

अफूसारखे कार्य करणारी परंतु अफू नसलेली द्रव्ये, त्यांना नियंत्रित द्रव्यांच्या यादीत आणणारे अमेरिकेतील राज्यांचे कायदे आणि त्यांवरून आपण घ्यावयाचा बोध, असा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

राज्यांची स्वतंत्र यादी

अमेरिकेत १९७० च्या संघीय कायद्याने नियंत्रित द्रव्यांच्या पाच अनुसूची केल्या. व्यसनाचा धोका अधिक आणि मान्य वैद्यकीय उपयोग नाही, अशी द्रव्ये पहिल्या अनुसूचीत येतात. दुसऱ्या अनुसूचीत वैद्यकीय उपयोग असलेली, परंतु तीव्र व्यसन लावणारी मॉर्फिनसारखी द्रव्ये आहेत. पुढील अनुसूचींत धोका क्रमाने कमी होत जातो. याखेरीज प्रत्येक राज्याचा स्वतःचा नियंत्रित द्रव्यांचा कायदा व स्वतःची यादी असते. केंद्राने ज्या द्रव्याला हात लावलेला नाही, तेही राज्य आपल्या यादीत घालू शकते. त्यामुळे एकच पाकीट एका राज्यात दुकानाच्या फळीवर उघडपणे मिळते आणि सीमा ओलांडताच ते बाळगणे हा गुन्हा ठरतो.

यादीत भर घालण्याचे मार्गही राज्यागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी विधिमंडळ कायदा संमत करते. ओहायोसारख्या राज्यात औषधशास्त्र मंडळ नियम करते आणि निकडीच्या वेळी राज्यपालांच्या आदेशाने तो तत्काळ लागू होतो. फ्लोरिडात महान्यायवादींना आपत्कालीन नियम काढून एखादे द्रव्य अनुसूचीत घालण्याचा अधिकार आहे. केंद्रीय यंत्रणा पुरावे गोळा करीत असताना आपल्या रुग्णालयांत येणारे रुग्ण पाहून राज्ये पुढे का जाऊ शकतात, हे यावरून कळते.

टियानेप्टिनचे उदाहरण

टियानेप्टिन हे मूळचे फ्रान्समध्ये विकसित झालेले विषादरोगावरील औषध. अनेक देशांत ते चिकित्सकाच्या चिठ्ठीवर मिळते. त्याची नेहमीची मात्रा १२.५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, म्हणजे एकूण ३७.५ मिलिग्रॅम. मॉर्फिन शरीरातील ज्या म्यू ग्राहींवर कार्य करते, त्यांच्यावरच हे द्रव्यही कार्य करते, हे २०१४ मधील संशोधनातून स्पष्ट झाले. विहित मात्रेत हा परिणाम फारसा जाणवत नाही. मात्रा कित्येक पटींनी वाढविली की ते अफूसारखे वागू लागते.

अमेरिकेत हे औषध म्हणून कधीच मान्य झाले नाही. तरीही स्मरणशक्ती व उत्साह वाढविणारे 'पूरक आहार' या नावाखाली ते पेट्रोल पंपांवरील दुकानांत कुप्यांतून विकले जाऊ लागले. दिवसाला शेकडो, प्रसंगी हजारो मिलिग्रॅम घेणारे रुग्ण नोंदले गेले. मात्रा चुकताच श्वसन मंदावणे, बेशुद्धी आणि सोडताच अफूच्या व्यसनमुक्तीसारखा त्रास, असे चित्र दिसू लागले. मिशिगनने २०१८ मध्ये सर्वप्रथम टियानेप्टिन आपल्या दुसऱ्या अनुसूचीत घातले. अलाबामाने २०२१ मध्ये, टेनेसी, जॉर्जिया व ओहायो यांनी २०२२ मध्ये, केंटकी, मिसिसिपी व फ्लोरिडा यांनी २०२३ मध्ये त्याला नियंत्रित द्रव्य ठरविले. काही राज्यांनी त्याला दुसऱ्या अनुसूचीत तर काहींनी थेट पहिल्या अनुसूचीत ठेवले. द्रव्य एकच असूनही त्याच्या धोक्याविषयी राज्यांचे मत एक नव्हते.

क्रॅटम : पान आणि पानातील सत्त्व

टियानेप्टिन कृत्रिम द्रव्य आहे. क्रॅटमचा प्रश्न आपल्या अधिक जवळचा आहे, कारण ती वनस्पती आहे. मायट्राजायना स्पेसिओसा हा थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया येथील वृक्ष, मंजिष्ठेच्या कुळातील. तेथील शेतमजूर व रबराच्या मळ्यातील कामगार श्रम सुसह्य व्हावेत म्हणून त्याची ताजी पाने पिढ्यान्पिढ्या चघळीत आले. अल्प मात्रेत उत्तेजना आणि अधिक मात्रेत वेदनाशमन व ग्लानी, असे त्याचे दुहेरी कार्य सांगितले जाते. पानातील प्रमुख अल्कलॉइड मायट्राजिनिन होय. सात-हायड्रॉक्सिमायट्राजिनिन हे दुसरे अल्कलॉइड पानात अत्यल्प असते, परंतु म्यू ग्राहींवरील त्याचे कार्य मायट्राजिनिनपेक्षा कितीतरी प्रबळ असते.

थायलंडने १९४३ मध्ये कायद्याने क्रॅटमवर बंदी घातली आणि २०२१ मध्ये त्याला मादक द्रव्यांच्या यादीतून वगळले. ज्या देशात हा वृक्ष उगवतो, त्या देशालाही मत बदलण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. अमेरिकेत केंद्रीय अंमलबजावणी संस्थेने ऑगस्ट २०१६ मध्ये क्रॅटमचे अल्कलॉइड पहिल्या अनुसूचीत टाकण्याचा मनोदय जाहीर केला. त्यावर तीव्र विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये ती सूचना मागे घेतली गेली. पुढे प्रत्येक राज्य आपापल्या वाटेने गेले.

विस्कॉन्सिन, इंडियाना, अर्कान्सा, अलाबामा यांसारख्या राज्यांनी संपूर्ण बंदी स्वीकारली. २०१९ मध्ये युटाने दुसरा मार्ग धरला, त्यामागोमाग जॉर्जिया, ॲरिझोना व नेवाडा आले. या राज्यांनी ग्राहक संरक्षणाचा कायदा करून विक्री चालू ठेवली आणि अटी घातल्या. अल्पवयीनांना विक्री नाही, भेसळ नाही, वेष्टनावर अल्कलॉइडचे प्रमाण हवे. आणि अशा कायद्यांतील सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे एकूण अल्कलॉइडांत सात-हायड्रॉक्सिमायट्राजिनिन दोन टक्क्यांपेक्षा अधिक नको.

ही अट का आवश्यक होती, ते लवकरच दिसले. पानात अत्यल्प असलेले ते प्रबळ सत्त्व रासायनिक क्रियेने वाढवून त्याच्या गोळ्या बाजारात आल्या. वेष्टनावर मात्र क्रॅटमचेच नाव आणि पानाचेच चित्र होते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या घनीभूत द्रव्याला नियंत्रित करण्याची शिफारस केली आणि ती नैसर्गिक पानाविषयी नाही, हे स्पष्ट केले. फ्लोरिडाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपत्कालीन नियमाने घनीभूत सात-हायड्रॉक्सिमायट्राजिनिन पहिल्या अनुसूचीत घातले. लुइझियानाने त्याच महिन्यापासून क्रॅटमवरच बंदी लागू केली. उलट ऱ्होड आयलंडने २०१७ पासूनची आपली बंदी उठवून नियमन स्वीकारणारा कायदा २०२५ मध्ये केला.

पान, चूर्ण, घन आणि पृथक् केलेले सत्त्व यांना एकाच नावाने विकणे हीच मूळ फसवणूक आहे. द्रव्याचे गुणकर्म मात्रा, कल्पना व संस्कार यांवर अवलंबून असते, हे आपल्या शास्त्राचे मूलभूत वचन. दोन टक्क्यांची अट म्हणजे त्याच विचाराचे कायद्याच्या भाषेतील रूप आहे, असे आम्हांस वाटते.

आता विक्रेत्यांच्या प्रश्नातील कळंबाविषयी. आपल्या रानांत आढळणारा कळंब म्हणजे मायट्राजायना पार्विफोलिया. तो क्रॅटमच्याच प्रजातिगणातील आहे हे खरे. परंतु मायट्राफायलिनसारखे ऑक्सिंडोल वर्गातील अल्कलॉइड ही त्याची ओळख आहे; मायट्राजिनिनसाठी तो प्रसिद्ध नाही. कुळ एक म्हणून कार्य एक, हा तर्क वनस्पतींच्या बाबतीत टिकत नाही. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत ज्याचे योग सांगितलेले नाहीत, ते केवळ वनस्पतीज आहे म्हणून शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध ठरत नाही. क्रॅटम आपल्या ग्रंथांत नाही. म्हणून त्या पाकिटास आयुर्वेदीय औषधांच्या फळीवर जागा नाही, असे उत्तर आम्ही दिले.

आपल्या घरातील उदाहरण

परक्या वनस्पतीला दूर ठेवले म्हणजे आपण मोकळे झालो, असे मात्र नाही. अहिफेन चरक-सुश्रुतांत नाही, ते मध्ययुगीन ग्रंथांतून आपल्याकडे आले. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेबरोबर अहिफेनाचा उल्लेख केला. पचनापूर्वीच सर्व शरीरात पसरणारे द्रव्य ही त्याची व्याख्या जाणणाऱ्यास मात्रेचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. रसशास्त्राने अहिफेनाची गणना उपविषांत केली, आर्द्रक स्वरसाच्या भावनांनी त्याचे शोधन सांगितले आणि मग कर्पूर रस, निद्रोदय रस, अहिफेनासव, कामिनी विद्रावण रस यांसारख्या योगांत ते योजले.

यांपैकी कामिनी विद्रावण रस ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे 'कामिनी' या सुट्या नावाने पोहोचला. तेथे श्रम करणाऱ्या स्थलांतरितांत, थकवा घालविण्यासाठी व लैंगिक बळासाठी, तो चिकित्सकाविना विकला गेला. दिवसाकाठी अनेक गोळ्या घेणारे, सोडल्यास तळमळणारे रुग्ण तेथील व्यसनमुक्ती केंद्रांत आले आणि काहींवर ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार करावे लागले. वेष्टनावर शास्त्रोक्त नाव होते, ग्रंथाचा आधार होता आणि आत अफू होती. अमेरिकेतील पेट्रोल पंपावरची कुपी आणि ही गोळी यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक उरला नाही. परदेशात आयुर्वेदाविषयी जो संशय घेतला जातो, त्याला अशा प्रकारांनी आपणच खतपाणी घालतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

भारतातील कायद्याची रचना

अमेरिकेतील राज्याप्रमाणे आपले राज्य मादक द्रव्यांच्या केंद्रीय यादीत स्वतः भर घालू शकत नाही. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झालेला अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम हा केंद्राचा कायदा आहे आणि त्याखालील याद्याही केंद्र सरकार अधिसूचनेने बदलते. ट्रॅमाडॉल हे अफूसदृश वेदनाशामक एप्रिल २०१८ मध्ये असेच या कायद्याखाली आणले गेले. तोपर्यंत या कायद्याबाहेर असलेली गोळी त्यानंतर वेगळ्या हिशेबाची झाली. औषधी अफू, खसखशीची बोंडे इत्यादींचा ताबा, वाहतूक व विक्री यांचे परवाने आणि नियम मात्र या अधिनियमाच्या दहाव्या कलमाने राज्यांकडे सोपविले आहेत.

औषधनिर्माते व विक्रेते यांनी पुढील तरतुदी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, ०.२ टक्क्यांपेक्षा अधिक मॉर्फिन नसलेली सिद्ध कल्पना अधिनियमातील 'अफू'च्या व्याख्येत येत नाही. म्हणून अहिफेनयुक्त योगाच्या प्रत्येक घाण्यातील मॉर्फिनचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासलेले असणे हे निर्मात्याचे खरे संरक्षण आहे. पाठात अहिफेन किती भाग सांगितले, एवढ्या आधाराने हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी, कच्च्या अफूचा कायदेशीर स्रोत शासकीयच आहे. गाझीपूर व नीमच येथील शासकीय अफू व अल्कलॉइड कारखाने आणि राज्याच्या सक्षम अधिकाऱ्यांचा परवाना याखेरीज मिळालेली अफू, ती शोधनासाठी असली तरी, गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. खसखस म्हणजे बी व्याख्येबाहेर आहे, बोंड मात्र व्याख्येत आहे. आपल्या स्वयंपाकघरातील ही खसखस संयुक्त अरब अमिराती व सिंगापूर येथे निषिद्ध आहे, हे तिकडे जाणाऱ्या रुग्णांना अवश्य सांगावे.

तिसरी, औषधे नियमावलीच्या अनुसूची ई(१) मध्ये अहिफेन, भांग, धत्तूर, वत्सनाभ, विषमुष्टी, भल्लातक इत्यादी द्रव्ये आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. ज्या वेष्टनावर ही सूचना आहे, ते औषध मागेल त्याला काउंटरवरून देणे या सूचनेला धरून नाही.

चौथी, लैंगिक क्षमता वाढविण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या जादूटोणा-उपाय व आक्षेपार्ह जाहिरातीविषयक कायद्याने मनाई आहे. अहिफेनयुक्त वाजीकर योगाची जाहिरात करणारा म्हणून दोन बाजूंनी अडकतो.

राज्याराज्यांतील भेद आपल्याकडेही आहेत. भांगेची केवळ पाने केंद्रीय अधिनियमातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. उत्तर प्रदेश व राजस्थान येथे भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी अधिनियम भांगेलाही लागू आहे. तेथून सहज मागविलेले पोते येथे अडचणीचे ठरते. मिशिगन व इंडियानाची गोष्ट म्हणूनच आपल्याला फार दूरची नाही.

कठोरपणाची किंमत

केवळ बंदी वाढवीत जाणे हा उपाय नव्हे. १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्या देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर खालावला आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांनी वेदना सोसल्या. ही चूक दुरुस्त करण्यास २०१४ ची सुधारणा यावी लागली. तिने अत्यावश्यक मादक औषधांचा वेगळा वर्ग केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आली आणि निरनिराळ्या राज्यांच्या परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त संस्थांना एकसमान नियम लागू झाले. चांगल्या कायद्याला दोन माणसे दिसली पाहिजेत: कुपीच्या आहारी गेलेला तरुण आणि वेदनेने विव्हळणारा रुग्ण. आपल्या शास्त्रानेही अहिफेन फेकून दिले नाही. त्याला शोधन, मात्रा व अधिकारी वैद्य यांची मर्यादा घातली. ती मर्यादा आपणच पाळली नाही, तर हे योग आपल्या हातून जातील आणि तेव्हा दोष शासनाला देता येणार नाही.

व्यवहारात काय करावे

रुग्णास 'कोणते औषध घेता?' एवढेच न विचारता 'चूर्ण, गोळी, चहा, शक्तिवर्धक, परदेशातून आणलेले काही?' असे नाव घेऊन विचारावे. अकारण जांभया, नासास्राव, विस्तारलेल्या बाहुल्या, अतिसार व अस्वस्थता एकत्र दिसल्यास व्यसनमुक्तीची लक्षणे आठवावीत. उलट आकुंचित बाहुल्या, मंद श्वसन व ग्लानी दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. तेथे नॅलोक्सोन देता येते.

सवयीचे अपथ्य एकदम तोडू नये, पादांश क्रमाने सोडवावे, हा चरकाचा उपदेश येथे मार्गदर्शक आहे. परंतु अफूसदृश द्रव्याचे स्थिर झालेले व्यसन आपल्या एकट्याच्या हाताने सोडविण्याचा आग्रह धरू नये. मनोविकारतज्ज्ञ व मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्र यांच्या सहकार्याने चिकित्सा करावी.

औषधविक्रेत्यांनी अनुसूची ई(१) मधील योगांची वेगळी नोंदवही ठेवावी: दिनांक, चिठ्ठी देणारा वैद्य, मात्रा, दिलेले परिमाण. तोच ग्राहक तेच औषध वारंवार मागू लागला, तर ही वही सर्वांत आधी सांगते. परदेशातील नातेवाइकासाठी पाकीट पाठवू पाहणाऱ्यास घटक पाहून सावध करावे. तेथील राज्याच्या यादीची खात्री झाल्यावाचून अहिफेन, भांग वा धत्तूर असलेला कोणताही योग पाठविण्यास साह्य करू नये.

आमच्या परिचयाच्या त्या विक्रेत्यांनी पाकीट दुकानात ठेवले नाही. त्यांच्या भाच्यास आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. परत जाताना त्याने त्याच्या शहराचे व राज्याचे नाव सांगितले, तेव्हा यादी पाहिल्यावर कळले की ते चूर्ण तेथे बाळगणेही गुन्हा आहे. त्याने ते शेजारच्या राज्यातून आणले होते आणि तेथे विकणाऱ्याने त्याला एवढेच सांगितले होते की, ही तर वनस्पती आहे. हे वाक्य आपल्या काउंटरवरून कोणी ऐकू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, अशी नम्र विनंती आहे.